तालुक्याच्या गावात इलेक्ट्रिक गाडी: चार्जिंगची सोय कशी लावायची

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की तालुक्याच्या गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे चार्जिंग स्टेशन कुठे आहे? त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच आहे. गाडी रात्री उभी राहते तिथून मीटरची पेटी किती लांब आहे, आणि त्या घराला अर्थिंग आहे का? मुंबई-पुण्याच्या सोसायटीत पार्किंग एकीकडे, मीटर दुसरीकडे आणि मध्ये कमिटीची परवानगी. वाई, भोर, फलटण, चिपळूण, वैजापूर अशा गावांत बहुतेकांची गाडी अंगणात किंवा घराच्या भिंतीला लागून उभी असते. अशा घरात १६ अँपिअरचं एक सॉकेट नीट बसवलं की वर्षातल्या बहुतेक दिवसांचं चार्जिंग घरीच होतं. स्टेशन लागतं ते लांबच्या प्रवासाला.

अडचणीही बहुतेक या सॉकेटपाशीच सुरू होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू. उदाहरणाला वाई धरू: जुने वाडे आणि त्यांतली जुनी वायरिंग, साताऱ्याला साधारण ३५ किलोमीटर, पुण्याला ९०, महामार्ग सुरूर फाट्यावर, आणि गावातून निघालं की लगेच पसरणीचा घाट.

रोज किती वीज लागते

बॅटरीचा आकार किलोवॅट-तासात सांगतात. हे म्हणजे आपल्या वीजबिलावरचं युनिटच. टियागो ईव्हीची लहान बॅटरी १९.२ युनिटची आणि मोठी २४ ची. नेक्सॉन ईव्ही ३० आणि ४५ युनिटमध्ये मिळते, विंडसरची सुरुवातीची बॅटरी ३८ ची. स्कूटरची साधारण २ ते ५ युनिटच्या मधली.

लहान कार गावात आणि साध्या रस्त्यावर एका युनिटला ७ ते ८ किलोमीटर जाते, स्कूटर ३० च्या आसपास. वाईहून साताऱ्याला नोकरीला जाणाऱ्याचे रोज जाऊन-येऊन ७० किलोमीटर धरले, तर कारच्या बॅटरीतून साडेनऊ युनिट जातात. चार्ज करताना घरच्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी होते, वायर आणि बॅटरी तापतात, त्यात १० ते १५ टक्के वीज जाते. म्हणजे मीटरवर पावणेअकरा युनिट पडतात. १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारं, गाडीसोबत येणारं चार्जर साधारण १५ अँपिअर घेतं, म्हणजे ३.३ किलोवॅट. पावणेअकरा युनिट भरायला त्याला सव्वातीन तास लागतात. रात्री अकराला लावलं की अडीचच्या आत काम झालं.

३० युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर याच सॉकेटवर दहा तासांहून जास्त लागतात. हा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण रोज रिकामी बॅटरी घेऊन कोणी घरी येत नाही. रोज जेवढं वापरलं तेवढंच भरायचं असतं.

स्कूटरचं काम त्याहून सोपं. तिचं चार्जर बहुधा ६५० ते ९५० वॅटचं, म्हणजे मिक्सरएवढ्या भाराचं. तीन युनिटची बॅटरी साडेचार-पाच तासांत भरते. वायरिंग चांगली असेल तर घरातलं साधं सॉकेट पुरतं, फक्त त्याची अर्थची तार खरोखर जोडलेली असली पाहिजे.

वायर आणि एमसीबी

गीझरच्या सॉकेटवर कार चार्ज होते का? होते, दोन-चार दिवस. गीझर पंधरा-वीस मिनिटं चालून बंद पडतो. कार तेच १५ अँपिअर सलग सहा-आठ तास ओढते. एवढ्या वेळात कच्चा जोड, सैल स्क्रू, स्वस्त सॉकेट सगळं उघडं पडतं. जुन्या वाड्यांत तर दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर १६ अँपिअरचं सॉकेट लावलेलं सर्रास सापडतं.

गणित करून बघा. मीटरपासून सॉकेट २५ मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन ५० मीटर तांब्यातून जाते. दीड चौरस मिमी वायरचा रोध एवढ्या लांबीला ०.६ ओहम होतो. १५ अँपिअरला ९ व्होल्ट वाटेतच पडतात आणि जवळजवळ १३५ वॅटची उष्णता भिंतीतल्या पाइपमध्ये तयार होते. ४ चौरस मिमी वायर घातली तर पडणारा दाब साडेतीन व्होल्टवर येतो आणि उष्णता ५० वॅटच्या आसपास. म्हणून कारच्या सॉकेटला ४ चौरस मिमी तांब्याची वायर, मुख्य बोर्डापासून थेट, मध्ये कुठेही जोड न देता. फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही तारा. अर्थसाठी बारीक वायर घालून पैसे वाचवायचे नाहीत.

बोर्डात या एका सर्किटसाठी २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. एमसीबी जास्त वीज वाहू लागली की सर्किट तोडून वायरला वाचवतो, आरसीसीबी वीज गळू लागली की तोडून माणसाला. दुकानात आरसीसीबी मागताना ए प्रकारचा मागा. साधा एसी प्रकारचा आरसीसीबी बॅटरी चार्जरच्या गळतीतल्या डीसी भागामुळे काही वेळा वेळेवर ट्रिप होत नाही. वायरमन घाईत त्याच बोर्डात पडलेला जुना लावून मोकळा होतो, तेव्हा त्यावर छापलेलं चिन्ह स्वतः बघा: एसी प्रकारावर एकच नागमोडी रेघ असते, ए प्रकारावर तिच्याखाली तुटक अर्धलहरींची आणखी एक.

सॉकेट आयएसआय खुणेचं आणि जड वापराचं घ्या. पावसात येणाऱ्या जागी झाकणाची जलरोधक पेटी, जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उंच. कारच्या वायरला मधेच एक चपटा डबा असतो. तो सॉकेटवरून लोंबकळत ठेवला की त्याच्या वजनाने प्लग खाली ओढला जातो, पिना सैल बसतात आणि तिथेच तापायला लागतं. सॉकेटशेजारी एक हुक ठोकून डबा त्यावर टांगायचा. नवीन सॉकेटवर पहिल्यांदा गाडी लावली की अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर बंद करून वायरमनला बोलवा. एक्स्टेन्शन बोर्ड कारसाठी वापरूच नका. जळालेल्या प्लगांच्या मागे बहुतेक वेळा तोच असतो.

अर्थिंग: गाडी चार्ज होत नाही याचं पहिलं कारण

नवी गाडी घरी आली, प्लग लावला, डब्यावर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच झालं नाही. शोरूममध्ये तीच गाडी, तेच चार्जर व्यवस्थित चालतं. अशा दहापैकी बहुतेक घरांत चार्जर चांगलंच असतं, घराची अर्थिंग गेलेली असते. चार्जर सुरू होण्याआधी अर्थ आहे का हे तपासतं आणि नसेल तर नकार देतं. हा नकार तुमच्या जिवासाठी आहे, कारण गाडीचं लोखंडी अंग चार्जिंग चालू असताना अर्थलाच जोडलेलं असतं.

तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त नकोत. फेज-अर्थमध्ये ६०-१०० व्होल्ट असा काहीतरी अधांतरी आकडा आला तर अर्थची तार कुठेच पोचलेली नाही. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस-तीस व्होल्ट येत असतील तर अर्थिंग कमजोर आहे किंवा न्यूट्रल कुठेतरी सैल आहे. फेज आणि न्यूट्रल उलटे लागले असतील तरी काही चार्जर थांबतात. ते मात्र दोन मिनिटांचं काम.

इथे एक धोक्याचा शॉर्टकट चालतो, आणि तो ओळखता यायलाच हवा. वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थची पिन एका तुकड्याने जोडतो. चार्जरला वाटतं अर्थ मिळाली, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. पण पुढे कधी त्या सॉकेटची न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली, तर तोच तुकडा फेजची वीज थेट गाडीच्या पत्र्यावर आणून सोडतो. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्याला २३० व्होल्टचा झटका बसेल. चार्जर कालपर्यंत नाही म्हणत होतं आणि वायरमनने दहा मिनिटांत, खड्डा न खणता चालू करून दिलं, तर सॉकेट उघडून बघा. तो तुकडा दिसला तर काढून टाका.

खरी अर्थिंग म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात अडीच-तीन मीटर खोल गेलेला जीआय पाइप किंवा तांब्याचा मुलामा दिलेली सळई, भोवती मीठ-कोळसा किंवा बाजारात मिळणारी अर्थिंगची पावडर, आणि तिथून बोर्डापर्यंत सलग तार. रोध ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. घाटावर अडचण अशी की दोन-तीन फुटांवर मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. कातळात पाणी टिकत नाही, म्हणून रोध उतरत नाही. तेव्हा एकच सळई आणखी खोल ठोकण्यापेक्षा दोन किंवा तीन सळया एकमेकींपासून तीन मीटरवर लावून त्या जोडून घ्याव्यात. कोकणात जांभ्यातही हाच उपाय, आणि तिथे खाऱ्या हवेने जोड गंजतात म्हणून दर पावसाळ्याआधी नटबोल्ट उघडून साफ करायचे. सगळीकडेच मार्च ते मे या काळात खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं. हिवाळ्यात चालणारं चार्जर एप्रिलमध्ये अचानक लाल दिवा दाखवू लागलं तर आधी पाणी घालून बघा.

व्होल्टेज, लाइट जाणं आणि वळवाचा पाऊस

संध्याकाळी सात ते दहा या वेळात डीपीवर, म्हणजे आळीच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्यांचा भार एकदम येतो. लाइनच्या शेवटच्या घरांना १८०-१९० व्होल्टच मिळतात. चार्जर अँपिअर तेवढेच घेतं, पण व्होल्ट कमी म्हणून वॉट कमी पडतात: १९० व्होल्टला ३.३ ऐवजी २.८५ किलोवॅट. आणखी खाली गेलं तर चार्जर थांबतं. यावर स्टॅबिलायझर शोधत बसू नका, फ्रिजचा तर चालणारच नाही. गाडीच्या स्क्रीनवर किंवा अ‍ॅपमध्ये चार्जिंगची वेळ लावायची सोय असते. रात्री अकरानंतरची वेळ लावली की व्होल्टेज आपोआप सुधारतं. ज्या गाड्यांत अँपिअर कमी करायची सोय आहे त्यांत १० अँपिअर ठेवलं तर कमजोर लाइनवरही काम होतं, वेळ तेवढा जास्त.

उलटं संकट क्वचित येतं पण महागात पडतं. खांबावरचा न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊ शकतं. यासाठी बोर्डात जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं आणि दाब नीट झाल्यावर स्वतः जोडणारं उपकरण मिळतं. कार असलेल्या घरात ते असावंच, आणि सोबत विजेच्या लाटेपासून वाचवणारं एसपीडी. तरीही वळवाचा पाऊस कडकडाट करत आला की प्लग काढून ठेवणं हाच सर्वांत खात्रीचा उपाय.

लाइट गेली आणि परत आली तर बहुतेक कार आपोआप पुन्हा चार्ज होऊ लागतात. काही स्कूटरना प्लग काढून परत लावावा लागतो, तेव्हा आपली कोणत्या जातीची हे पहिल्याच आठवड्यात मेन स्विच बंद-चालू करून पाहून घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर कार लावू नका. पंखे-दिव्यांचा इन्व्हर्टर ६०० ते ९०० व्हीएचा असतो, त्याला हा भार झेपत नाही. बोर्डात कारचं सर्किट इन्व्हर्टरच्या बाहेर ठेवायला वायरमनला आठवणीने सांगा.

७.२ किलोवॅटचं भिंतीवरचं चार्जर घ्यावं का

गाडी विकताना हे चार्जर आग्रहाने पुढे केलं जातं. रोज शंभर किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याला त्याची गरज नाही. दिवसभर प्रवासी वाहतूक करणाऱ्याला किंवा एका घरात दोन गाड्या असणाऱ्यांना आहे. विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, तुमची गाडी ७.२ घेते का. एसीची डीसी करणारा भाग गाडीच्या आत असतो आणि काही स्वस्त प्रकारांत तो ३.३ चाच असतो. भिंतीवर कितीही मोठं लावलं तरी अशी गाडी ३.३ च घेणार.

दुसरी, तुमची जोडणी. ७.२ किलोवॅट म्हणजे एका फेजवर ३२ अँपिअर, आणि सिंगल फेजची घरगुती जोडणी ४० अँपिअरपर्यंतच असते. उरलेल्या ८ अँपिअरमध्ये गीझर, इस्त्री आणि पाण्याची मोटर बसत नाही. म्हणजे थ्री फेज घ्यावं लागतं. त्यासाठी महावितरणच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर वीजभार वाढीचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, मग कोटेशन भरणं. थ्री फेज आल्यावरही हे चार्जर एकाच फेजवर बसतं, तेव्हा घरातला बाकी भार उरलेल्या दोन फेजवर वाटून घ्यावा. वायर ६ चौरस मिमी, अंतर तीस मीटरच्या पुढे असेल तर १०, आणि एमसीबी ४० अँपिअरचा.

३.३ च्या चार्जरसाठीही मंजूर भार बिलावर बघून घ्या. जुन्या घरांचा एक-दीड किलोवॅटच लिहिलेला असतो. तो वाढवून घेणं हेच बरं.

बिल किती वाढेल

स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो. "व्यापारी मीटर घ्यावं लागेल" ही ऐकीव गोष्ट खरी नाही. पण स्लॅब विसरू नका. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. साताऱ्याला महिन्यात पंचवीस दिवस जाणाऱ्याची गाडी साधारण २७० युनिट खाते. घरचा आधीचा वापर १३० युनिट असेल तर गाडीची १७० युनिटं दुसऱ्या स्लॅबमध्ये पडतात आणि १०० तिसऱ्यात. खर्च काढताना बिलाची सरासरी धरली तर फसगत होते. ज्या स्लॅबमध्ये गाडीचं युनिट पडतं त्याचा वीज आकार, त्यात वहन आकार, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क, असं मिळून युनिटचा भाव काढा. वरच्या स्लॅबमध्ये घरची वीज लोक समजतात तेवढी स्वस्त राहत नाही.

म्हणूनच छपरावरच्या सोलरचा हिशेब गाडीवाल्या घरात लवकर जमतो. एक किलोवॅटचे पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिट देतात, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या गाडीला सव्वादोन किलोवॅट पुरतात. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. वाचलेली युनिटं सगळ्यांत वरच्या स्लॅबमधली असतात, हा खरा फायदा. स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलतही आहे. दुकान घरालाच लागून असेल आणि गाडी दिवसा उभी असेल तर ती वेळ धरा.

वीजग्राहक हक्कांच्या नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. नव्या जोडणीची मुदतही ठरलेली आहे: महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका हद्दीत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस. घरगुती वापर आधीच ३०० च्या पुढे असेल तर स्वतंत्र मीटरचा विचार करा, पण पैसे भरण्याआधी उपविभाग कार्यालयातून एक गोष्ट लेखी घ्या: बिल कोणत्या वर्गाने येणार आणि स्थिर आकार किती.

आणि दोन गोष्टी टाळा. घरच्या मीटरवरून पैसे घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या चार्ज करणं, आणि मळ्यातल्या शेतीपंपाच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करणं. दोन्ही विद्युत कायद्याच्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापरात मोडतात आणि आकारणी दुप्पट दराने होते. शेतीच्या फीडरवर वीज पाळीपाळीने येते, त्यामुळे तसंही ते सोयीचं नाही.

वाटेवरचं फास्ट चार्जर

वाईहून पुणे, जाऊन-येऊन १८० किलोमीटर. कंपनी सांगते त्याच्या ६५ ते ७० टक्के अंतर हातात धरायचं, कारण महामार्गावरचा वेग, गाडीतला थंड हवेचा एसी आणि खंबाटकीचा चढ. ज्या गाडीचा खरा पल्ला २०० किलोमीटर आहे तिला हे कागदावर जमतं, प्रत्यक्षात पुण्यात काम चालू असताना किंवा वाटेत एकदा भरणं शहाणपणाचं. २० टक्क्यांच्या खाली जाण्याची योजना करू नका, आणि ठरवलेल्या चार्जरच्या पुढे पोचता येईल असा दुसरा एक चार्जर हाताशी ठेवा.

नकाशावर दिसणारा प्रत्येक ठिपका तुमच्या उपयोगाचा नसतो. आजच्या बहुतेक कारना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-टू प्रकारची गन, म्हणजे यंत्राच्या केबलचं गाडीत बसणारं तोंड, लागते आणि एसी चार्जिंगला टाइप-टू. काही ठिकाणी अजून जुनी १५ किलोवॅटची भारत डीसी-००१ यंत्रं उभी आहेत, त्यांची गन आजच्या गाड्यांत बसत नाही. काही चार्जर शोरूमच्या आवारात असतात आणि रात्री किंवा सुट्टीच्या वारी फाटक बंद असतं. कारचं फास्ट चार्जर स्कूटरला चालत नाही. स्कूटरसाठी त्या त्या कंपनीची किंवा दुचाकीच्या गनची जागा शोधावी लागते. म्हणून निघण्याआधी अ‍ॅपमध्ये शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा. काल-आज कोणीतरी चार्ज केलेलं असेल तर यंत्र चालू आहे. आठवडाभर कोणी नसेल तर फोन करा. टाटा पॉवर, स्टॅटिक, जिओ-बीपी, पेट्रोल पंपांच्या कंपन्या आणि खुद्द महावितरण, प्रत्येकाचं अ‍ॅप वेगळं. घरच्या वायफायवर दोन-तीन अ‍ॅप उतरवून, नोंदणी करून, वॉलेटमध्ये थोडे पैसे टाकून ठेवा. चार्जरपाशी रेंज नसली की हे काही जमत नाही.

यंत्रावर ६० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी दोन गनवर दोन गाड्या लागल्या की बहुधा ३०-३० वाटले जातात. शिवाय किती घ्यायचं हे गाडी ठरवते. लहान बॅटरीच्या गाड्या पंचवीस-तीस किलोवॅटच्या आसपासच घेतात. ३० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला साधारण पाऊण तास धरा. ८० नंतर वेग एवढा पडतो की उरलेल्या २० टक्क्यांना जवळपास तेवढाच वेळ जातो. मागे कोणी थांबलेलं असेल तर ८० ला गाडी काढावी. दरावर १८ टक्के जीएसटी लागतो, अ‍ॅपमधला आकडा करासह आहे की करापूर्वीचा ते बघून घ्या.

पोचल्यावर गाडी बंद करून पार्कमध्ये टाका, गन पूर्ण आत दाबा, खटका ऐकू आला की मग अ‍ॅपवरून सुरू करा. यंत्र आणि गाडीचं बोलणं व्हायला अर्धा-एक मिनिट जातो. सुरू झालं नाही तर आधी यंत्रावरचं लाल आपत्कालीन बटण बघा. जाता-येता कोणीतरी ते दाबून ठेवलेलं असतं, फिरवून सोडलं की यंत्र जागं होतं. तरी होत नसेल तर गन काढा, गाडी लॉक करून उघडा, मिनिटभर थांबून पुन्हा लावा. पावसात गनच्या तोंडात पाणी असेल तर इन्सुलेशनचा दोष दाखवतं. गन झटकून, तोंड खाली धरून निथळू द्या, किंवा दुसरी गन वापरा. चार्जिंग संपलं आणि गन निघत नसेल तर ओढाताण करू नका. किल्लीने गाडी अनलॉक केली की बहुतेक वेळा सुटते. नाहीतर डिकीत किंवा बॉनेटखाली सोडवण्याची दोरी असते, तिची जागा मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेवा.

घाटाचा हिशेब वेगळा. वाईहून पाचगणी तेरा-चौदा किलोमीटरच आहे, पण उंचीत साडेपाचशे मीटरहून जास्त फरक. चार माणसं बसलेली पावणेदोन टनांच्या आतली गाडी तेवढी वर न्यायला नेहमीपेक्षा तीन युनिट जास्तीची जातात. उतरताना त्यातली निम्मी तरी परत मिळतात, मात्र बॅटरीत जागा असेल तरच. पाचगणी किंवा महाबळेश्वरला रात्रभर चार्ज करून सकाळी १०० टक्क्यांवर घाट उतरू लागलात तर बॅटरी वीज परत घेऊ शकत नाही, गाडी मोटरने थांबत नाही आणि सगळा भार ब्रेकच्या पॅडवर येतो. वर मुक्काम असेल तर ८५-९० टक्क्यांवर थांबवा.

हॉटेल, लॉज आणि पंपवाल्यांसाठी

चार्जिंगची सेवा देण्याला वीजवितरणाचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. महावितरणच्या दरपत्रकात चार्जिंग स्टेशनसाठी वेगळा वर्ग आहे. हॉटेलचं स्वयंपाकघर आणि खोल्या व्यापारी दराच्या मीटरवर, आणि चार्जर स्वतंत्र मीटरवर चार्जिंगच्या दराने, अशी रचना करावी लागते. एकाच मीटरवर दोन्ही ठेवलं तर तोटा आणि वादही.

मुक्कामाच्या लॉजला फास्ट चार्जर लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पाहुणा रात्री दहा-बारा तास थांबतो. त्याला ३.३ किंवा ७.२ ची चार-पाच सॉकेटं जास्त कामाची. एकाच रात्री चार गाड्या भरल्या जातात, ७.२ ची चारही एकदम चालली तरी भार २९ किलोवॅटच्या आत राहतो, आणि एक सॉकेट बिघडलं तरी बाकी चालू.

महामार्गालगतच्या धाब्याला मात्र ३० किंवा ६० किलोवॅटचं डीसी यंत्र शोभतं, कारण गिऱ्हाईक जेवणापुरतं थांबतं. तिथे यंत्र मागवण्याआधी डीपी बघा. गावातले डीपी बहुधा ६३, १०० किंवा २०० केव्हीएचे असतात. १०० केव्हीएच्या डीपीवर आधीच आळीभराची घरं असतील तर ६० किलोवॅटचं यंत्र त्यावर बसत नाही. मग स्वतःचा डीपी उभारायचा खर्च येतो आणि तो यंत्राच्या कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. विक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्याआधी महावितरणच्या शाखा अभियंत्याकडून जागेची पाहणी करून घ्या, आणि भार कोणत्या डीपीवरून मिळणार हे अर्जावर लिहून मिळाल्यावरच यंत्राची ऑर्डर द्या.